कॅमेरा घ्यायचाय: कॅनन, निकॉन, सोनी, फुजी... नेमकं कसं ठरवायचं?

नवी_चौकट

नमस्कार मंडळी,

इतके दिवस मोबाइलवरच फोटो काढत आले. आता लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचा हे पक्कं झालंय, पण कोणत्या कंपनीचा यावर गाडी अडलीये. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. एक म्हणतो सोनीशिवाय फोकसला पर्याय नाही, दुसरा म्हणतो त्वचेचे रंग पाहायचे तर कॅननच, तिसरा फुजीच्या प्रेमात.

माझी आवड दोन टोकांची आहे. पहाटे पक्षी टिपायचे असतात, आणि धाकटी बहीण नृत्य करते, तिचे कार्यक्रम मंचाच्या अंधुक उजेडात काढायचे असतात. मामांकडून निकॉनच्या दोन जुन्या लेन्स मिळाल्यात: ५० मिमी एफ/१.८डी आणि एएफ-एस ७०-३०० व्हीआर. बॉडी बंद पडलेली आहे. या लेन्स आहेत म्हणून निकॉनच घ्यावा का, की त्यांचा मोह सोडून नव्याने सुरुवात करावी?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

रानवाट

बॉडीचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि तुमची तिसरी लेन्स कोणती असेल ते आधी ठरवा. मी पक्ष्यांचे फोटो काढतो, नवीन माणसाने विचारलं की पहिल्यांदा हेच सांगतो.

तिसरीच का? पहिली लेन्स किटबरोबर येते आणि ती सगळ्याच कंपन्यांची कामापुरती बरी असते. दुसरी म्हणून बहुतेक जण मोठ्या अॅपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या भोकाची) छोटी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घेतात, तीही प्रत्येकाकडे आहे. तिथवर ब्रँडने फारसं काही बिघडत नाही. वर्षा-दोन वर्षांनी आवड पक्की होते, तिला लागणारी खास लेन्स शोधायला आपण निघतो, आणि तेव्हा कळतं की आपल्या माउंटवर (बॉडीला लेन्स बसते ती जोडणी: निकॉनचा झेड, कॅननचा आरएफ, सोनीचा ई) ती आहे की नाही, असली तर उचलवेल का, परवडेल का.

पक्ष्यांपुरतं बोलायचं तर चित्र असं आहे. सोनीची २००-६०० एफ/५.६-६.३ ही २०१९ सालची, निकॉन झेडची १८०-६०० एफ/५.६-६.३ ही २०२३ची. दोन्हींचं वजन ट्रायपॉडला जोडायची कॉलर काढून दोन किलोच्या आसपास. दोन्हींचा झूम आतल्या आत होतो, म्हणजे नळी पुढे येत नाही. कागदावर हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) लेन्स लावून तासभर उभं राहिल्यावर त्याची किंमत कळते: २०० वरून ६०० वर गेलात तरी तोल जागचा हलत नाही आणि हात पुन्हा सावरावा लागत नाही.

कॅननने वेगळी वाट धरली. त्यांच्या आरएफ ६०० एफ/११ आणि ८०० एफ/११ या २०२० साली आल्या, उचलायला हलक्या. आरएफ १००-४०० तर ६३५ ग्रॅमची. पुढे २०२३ मध्ये २००-८०० एफ/६.३-९ आली, तीही दोन किलोच्या घरातली. पोच भरपूर, पण अॅपर्चर लहान (एफचा आकडा मोठा म्हणजे भोक लहान). एफ/५.६ आणि एफ/११ यांत दोन स्टॉपचं अंतर आहे, म्हणजे उजेड एक चतुर्थांश. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा शटर १/२००० च्या खाली आणून चालत नाही. एफ/५.६ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे वाढतात) १६०० पुरत असेल तर एफ/११ ला ६४०० लागेल. भर उन्हात काही अडत नाही. पण तुम्ही लिहिलंय पहाटे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

फुजीची १५०-६०० एफ/५.६-८ सुमारे १.६ किलोची, तिचाही झूम आतलाच. ओएम सिस्टिमकडे (पूर्वीचं ऑलिंपस) ३०० मिमी एफ/४ आहे. त्यांच्या मायक्रो फोर थर्ड्स प्रकारचा सेन्सर छोटा असल्याने दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) ६०० इतका मिळतो, आणि दिवसभर गळ्यात अडकवून चालता येतं. गुडघे-पाठ सांभाळणाऱ्या मित्रांना मी हीच सुचवतो.

इतर कंपन्यांच्या लेन्सबद्दलही थोडं. सिग्मा-टॅमरॉनचा सर्वात मोठा साठा सोनीच्या ई माउंटवर आहे, कारण सोनीने माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच बाहेरच्या उत्पादकांना खुली केली. तरी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स (लायका-पॅनासोनिक-सिग्माच्या) एल माउंटवर टेलीकन्व्हर्टर (पोच वाढवणारी मधली जोडकाच) घेते, तीच लेन्स ई माउंटवर घेत नाही. पक्षीवाल्याला हा फरक जाणवतो.

---

जुनी_काच

रानवाट यांचं म्हणणं पटलं. मामांच्या लेन्सबद्दल मी लिहितो, कारण त्या प्रश्नाचं उत्तर बरंच मागच्या इतिहासात आहे.

निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. त्यानंतर ऑटोफोकस आला, डिजिटल आलं, पण निकॉनने माउंट बदलला नाही. जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसली पाहिजे हा त्यांचा हट्ट. त्यासाठी तडजोड अशी केली की अॅपर्चर हलवायला एक छोटी यांत्रिक दांडी कायम ठेवली, आणि सुरुवातीच्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर न घालता ती बॉडीत ठेवली. माउंटच्या कड्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखा एक खिळा असतो, तो फिरतो आणि लेन्सचा फोकस फिरवतो. तुमची ५० मिमी एफ/१.८डी याच पिढीतली. लेन्सच्या मागच्या बाजूला धातूच्या कड्यावर खाच असलेला छोटा गोल स्क्रू दिसेल, बघा.

कॅननने १९८७ मध्ये नेमकं उलट केलं. जुना एफडी माउंट सोडून दिला आणि ईएफ आणला. त्यात बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये यांत्रिक काहीच नाही. फोकस असो वा अॅपर्चर, सगळं विजेच्या संपर्कबिंदूंवरून, मोटर लेन्समध्येच. ज्यांच्याकडे एफडी लेन्सचा संच होता त्यांचं तेव्हा मोठं नुकसान झालं. त्या निर्णयाचं फळ तीस-एक वर्षांनी मिळालं. २०१८ मध्ये कॅनन आरएफ आणि निकॉन झेड हे मिररलेस (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे) माउंट आले, तेव्हा कॅननला अॅडॅप्टरमध्ये जोडण्याच्या तारा आणि मधलं अंतर भरून काढणारी नळी, एवढंच द्यावं लागलं. १९८७ ची ईएफ लेन्सही आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरला (एफ माउंटची लेन्स झेडवर बसवणाऱ्या जोडणीला) अॅपर्चरची दांडी हलवणारी यंत्रणा आत बसवावी लागली, आणि फोकसचा स्क्रू फिरवणारी मोटर त्यात नाहीच.

म्हणून तुमच्यासाठी हिशोब असा: ७०-३०० एएफ-एस आहे, तिची मोटर लेन्समध्येच. एफटीझेड लावून झेड बॉडीवर ती ऑटोफोकस आणि व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) दोन्हींसह व्यवस्थित चालेल. ५०डी वर उजेडाचं मोजमाप मिळेल, अॅपर्चर बॉडीवरून बदलेल, पण फोकस हाताने. नाचणाऱ्या माणसावर हाताने फोकस धरणं ही वेगळीच साधना आहे.

थोडक्यात, एक लेन्स कामाची, दुसरी अर्धी कामाची. तेवढ्यावर सगळा संसार निकॉनवर मांडायचा का हे तुम्ही ठरवा. "लेन्स आहेत म्हणून" हे एकमेव कारण असेल तर ते मला अपुरं वाटतं.

आणि एक पर्याय कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. वापरलेला डीएसएलआर (आरशाचा डिजिटल कॅमेरा) घेतलात तर दोन्ही लेन्स पूर्ण चालतील, फक्त बॉडीत फोकसची मोटर असलेलं मॉडेल बघा, डी७००० मालिकेतलं (डी७५०० पर्यंत). निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकांत ती मोटर नाही. कॅनन आणि निकॉन यांचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० साली आले, पुढचा सगळा भर मिररलेसवर आहे. पण आरशातून थेट दिसणाऱ्या दृश्याचा आनंद वेगळा, आणि बॅटरीही पुष्कळ पुरते.

---

ताल_लय

मंचाबद्दल मी. रंगमंचावरचे फोटो हेच माझं काम आहे.

तिथे दोन गोष्टी लागतात: उजेड गोळा करणारी लेन्स आणि आवाज न करणारं शटर. दुसऱ्या गोष्टीबाबत जाहिरातीत अर्धीच बाजू येते. सायलेंट शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि अनेक मध्यम बॉडींत सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचून व्हायला १/२० ते १/६० सेकंद लागतो. मंचावर आता सगळीकडे एलईडी दिवे. ते डोळ्याला स्थिर दिसतात, प्रत्यक्षात फार वेगाने चालू-बंद होत असतात. सेन्सरच्या काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात, आणि नर्तकीच्या चेहऱ्यावरून आडवे पट्टे जातात. नंतर ते काढणं जवळपास अशक्य. शिवाय वेगाने फिरणारा हात किंवा गिरकी घेताना उडालेला घेर तिरका होतो.

यावर उपाय दोन. एक, यांत्रिक शटर वापरायचं. त्याचे पडदे सेन्सरवरून साधारण १/२५० सेकंदाच्या आसपास सरकतात, त्यामुळे पट्टे पुष्कळ कमी होतात, आणि अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीशी शटर जुळवणारी सोय) चालू केलं की आणखी कमी. दोन, फार वेगाने वाचला जाणारा सेन्सर घ्यायचा. सोनीच्या २०१७ च्या ए९ ने हे पहिल्यांदा व्यवहारात आणलं. निकॉनने २०२१ मध्ये झेड९ मधून यांत्रिक शटरच काढून टाकलं. सोनी ए९ ३ मध्ये तर ग्लोबल शटर आहे, सगळ्या ओळी एकाच क्षणी. पण या बॉडी फार वरच्या श्रेणीतल्या. तुम्हाला पहिलाच उपाय पुरेल. समोरची रांग सोडून मागे बसलात तर मिररलेसच्या यांत्रिक शटरचा आवाज संगीतात ऐकू येत नाही.

सेन्सरच्या आकाराबद्दल माझं स्पष्ट मत: मंचासाठी फुल फ्रेम. एपीएस-सी या मधल्या आकाराच्या सेन्सरच्या सव्वादोन पटीहून थोडं जास्त क्षेत्रफळ, मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळपास चौपट. त्याच अॅपर्चरला तितका जास्त उजेड एकूण गोळा होतो, आणि काळ्या पडद्यावर दाणे तितके कमी दिसतात.

आणि हो, ब्रँड ठरवताना एफ/२.८ चा झूम कोणाचा आहे हे बघा. सोनीवर टॅमरॉन २८-७५ आणि सिग्मा २४-७० यांनी ही गोष्ट सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. कॅननने आरएफचा ऑटोफोकस बाहेरच्यांसाठी बराच काळ बंद ठेवला, २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स आल्या त्या एपीएस-सीच्या. कॅननच्या स्वतःच्या लेन्स अप्रतिम आहेत यात वाद नाही. पण दार एकच असलं की घरात शिरायचा खर्च तेच ठरवतं.

---

नवी_चौकट

बाप रे, किती माहिती! मनापासून धन्यवाद. जुनी_काच, तो स्क्रू बघितला. खरंच आहे, नखाने फिरवला की पुढची काच सरकते.

एक शंका: रंगांचं काय? कॅननचे रंग उबदार, सोनीचे पिवळट-हिरवट, फुजीचे फिल्मसारखे, असं जागोजागी वाचलं. बहिणीच्या चेहऱ्याचे रंग चांगले यावेत असं वाटतं.

---

राखाडी_कार्ड

तुम्ही जेपीईजी काढणार की रॉ, यावर याचं उत्तर अवलंबून आहे.

सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, तो फक्त उजेड मोजतो. प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. त्या आकड्यांतून चेहऱ्याचा रंग कोणता करायचा हे नंतरचं गणित ठरवतं. जेपीईजीमध्ये ते गणित कॅमेऱ्यातच कंपनी करते, तिथे ब्रँडचा स्वभाव दिसतो आणि तो फरक खराच आहे. रॉमध्ये ते गणित तुमच्या संगणकावरचं सॉफ्टवेअर करतं, आणि प्रोफाइल व व्हाइट बॅलन्स बदलले की कंपन्यांमधला फरक इतका कमी होतो की नाव झाकून ओळखणं अवघड. निकॉन, फुजी, पेंटॅक्स यांच्या बऱ्याच बॉडींतले सेन्सर मुळात सोनीच्या सेमीकंडक्टर विभागाने बनवलेले असतात. कॅनन बहुतांश स्वतःचे बनवते.

फुजीचं वेगळेपण मान्य करायलाच हवं. प्रोव्हिया, वेल्व्हिया, क्लासिक क्रोम अशी त्यांची फिल्म सिम्युलेशन अनेक दशकांच्या फिल्मच्या अनुभवातून आलीत. संगणकासमोर बसायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाने फुजी घ्यावा, तो सुखी होईल.

मंचावर मात्र कोणाचेही तयार रंग टिकत नाहीत. जांभळा स्पॉट चेहऱ्यावर पडला की ऑटो व्हाइट बॅलन्स भरकटतो, मग बॉडी कोणतीही असो. तिथे रॉ काढा, व्हाइट बॅलन्सचा केल्विनमधला एक आकडा पक्का करून ठेवा, आणि उठून दिसणारा एक फोटो दुरुस्त करून तीच दुरुस्ती बाकीच्यांना लावा. रंगांसाठी ब्रँड निवडू नका असं माझं ठाम मत आहे.

---

मूठ_आणि_बटण

सगळं लेन्सवर चाललंय, मला हातांबद्दल बोलायचंय.

रानवाट, तुमच्या तिसऱ्या लेन्सच्या नियमाशी मी अर्धाच सहमत आहे. तिसऱ्या लेन्सपर्यंत पोचायचं तर आधी कॅमेरा रोज बाहेर काढावासा वाटला पाहिजे. माझे हात लहान आहेत. काही बॉडींवर करंगळी खाली लोंबते, आणि दोन किलोची लेन्स लावली की तासाभरात मनगट बोलायला लागतं. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चारही कोपरे एकदम दिसतात का ते बघा. काहींत दिसत नाहीत, आणि मग चौकटीच्या कडेला काय आलंय ते घरी आल्यावर कळतं.

सवयींचाही भाग आहे. निकॉनची लेन्स बसवताना फिरते ती कॅननच्या बरोबर उलट दिशेला. दोन्ही कंपन्यांच्या झूमच्या कड्याही एकमेकींच्या उलट फिरतात. एकदा बोटांना सवय झाली की पक्षी उडण्याच्या क्षणी हात विचार न करता चालतो, ब्रँड बदलला की तीच बोटं महिनाभर चुकतात. मामांचा कॅमेरा तुम्ही पूर्वी हाताळला असेल तर ही गोष्ट निकॉनच्या बाजूने मोजा.

घेण्याआधी दोन बॉडी भाड्याने आणा, तुमच्याच पक्ष्यांवर आणि बहिणीच्या तालमीत वापरा. मेन्यूत न शिरता आयएसओ, फोकसची जागा आणि शटर बदलता येतं का, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता येतं का, एवढं बघा.

---

जुनी_काच

वरचा मुद्दा महत्त्वाचा, शंभर टक्के सहमत.

त्यात भर: माउंट किती टिकणार याचाही अंदाज घ्या. सॅमसंगचा एनएक्स चांगला असूनही बंद झाला. निकॉन १ २०११ मध्ये आला आणि २०१८ मध्ये संपला. कॅननचा ईएफ-एम २०१२ ते २०२३. या तिन्हींत एक गोष्ट समान होती: कंपनीने स्वतःच त्यांच्यासाठी मोजक्या लेन्स काढल्या. नवीन लेन्स येणं थांबलं की माउंटचे दिवस भरत आलेत असं समजावं. उलट ऑलिंपसने कॅमेऱ्याचा व्यवसाय २०२१ मध्ये वेगळ्या कंपनीकडे दिला, तेव्हा लोकांनी मायक्रो फोर थर्ड्सची आशा सोडली होती. पण ओएम सिस्टिम नावाने नव्या लेन्स येत राहिल्या, आणि पॅनासोनिकही सोबत आहे.

आज कॅनन आरएफ, निकॉन झेड, सोनी ई, फुजी एक्स आणि लायका-पॅनासोनिक-सिग्मा यांचा एल, या पाचांबद्दल मला त्या बाबतीत काळजी वाटत नाही.

---

नवी_चौकट

थोडा वेळ घेऊन लिहितेय. दोन बॉडी भाड्याने आणल्या, निकॉनची झेड५०२ (झेड५० ची दुसरी आवृत्ती) आणि सोनीची एक फुल फ्रेम. आधी तळ्यावर गेले, मग तालमीला.

सोनीचा फोकस डोळ्यावर असा चिकटतो की थक्क व्हायला झालं. तालमीतले फोटोही तिचेच स्वच्छ. पण पकड मला झेड५०२ची आवडली, आणि मामांची ७०-३०० तिच्यावर एफटीझेडने लावली तेव्हा बगळ्याचा डोळा तिने चटकन धरला. एपीएस-सीमुळे ३०० चा दृश्यकोन ४५० सारखा मिळाला. ५०डी तालमीत वापरून पाहिली, हाताने फोकस मला जमण्यासारखा नाही.

तिसरी लेन्स कोणती यावर बराच विचार केला. माझ्यासाठी ती पक्ष्यांची आहे, १८०-६००. नृत्याचे कार्यक्रम वर्षातून थोडेच, पहाटेचे पक्षी दर आठवड्याला. म्हणून झेड५०२, ७०-३०० साठी एफटीझेड २, आणि मंचासाठी झेडची ५० मिमी एफ/१.८. ठीक वाटतंय का?

---

ताल_लय

माझं मन अजूनही निकॉनच्या झेड५२ (झेड५ ची दुसरी आवृत्ती) कडे जातं. ती फुल फ्रेम आहे आणि बॉडीतच स्थिरीकरण आहे, जे झेड५०२ मध्ये नाही. मंचावर १/६० ला स्थिर उभ्या मुद्रा टिपताना त्याचा उपयोग होतो. पण पक्षी दर आठवड्याला असतील तर तुमचा हिशोब मला समजतो. ५० एफ/१.८ तुम्हाला ७५ सारखी दिसेल, कमरेपासूनच्या चौकटीला छान. शटर १/२५० च्या खाली नेऊ नका, यांत्रिक शटर ठेवा.

---

रानवाट

उत्तम निवड. झेड५२ वर ३०० मिमी पक्ष्यांना तोकडी पडली असती, आणि चौकट एपीएस-सीइतकी कापली तर २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. झेड५०२ वर पूर्ण २०.९ मिळतात.

एफटीझेडच्या दोन्ही आवृत्त्या तुमच्या लेन्ससाठी सारख्याच चालतात. पहिलीला खाली ट्रायपॉडचा पाय आहे, तो हाताला आडवा येतो, दुसरीला नाही. तेव्हा दुसरीच घ्या. बॉडी आली की मेन्यूत जाऊन फोकसचा विषय "पक्षी" वर ठेवा, आणि व्हीआर लेन्सवरच्या बटणाने चालू आहे ना ते बघून घ्या. १८०-६०० ची घाई नको. आधी ७०-३०० वर पाणथळ जागेचे बसलेले, मग चालणारे, मग उडणारे पक्षी घ्या. ३०० कुठे कमी पडते ते त्यातून तुमचं तुम्हालाच दिसेल.